जाळीपलीकडचा चौकोन

५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

रॅकेटच्या कव्हराच्या आतल्या खिशात हात घातलास की हे पत्र सापडेल. फोन इथे फक्त रविवारी अर्धा तास हातात देतात आणि तो सगळा आईच्या ‘जेवलीस का’मध्ये संपतो. तेव्हा आपलं हे असं. दर तीन आठवड्यांनी माझ्या रॅकेट तुझ्याकडे तारा ओढायला, गटिंगला येतील, त्यांच्याबरोबर पत्र येईल आणि तुझं उत्तर त्यांच्याबरोबरच परत. इथल्या टेनिस अकादमीत गटिंगचं मशीन आहे, ते चालवणारे एक काकाही आहेत. पण दुसऱ्या कुणी ओढलेल्या तारांवर चेंडू लागला की मला परक्या घरच्या गादीवर झोपल्यासारखं वाटतं. नेहमीसारखा चोवीस किलो ताण दे.

पहिल्याच दिवशी आमची मोजणी झाली. भिंतीला टाचा लावून उभं राहायचं. सरांनी डोक्यावर लाकडी पट्टी टेकवली आणि “पाच दोन” म्हणाले, तेही मला नव्हे, भिंतीला सांगितल्यासारखं. मग तळहाताला खडू फासून हात वर ताणायचा आणि भिंतीवर ठसा उमटवायचा. सोळा मुलींचे सोळा ठसे अजून तिथे आहेत. माझा सगळ्यांच्या खाली. मोठ्या माणसांच्या सभेत एखाद्या पोरानं हात वर करावा तसा.

जानेवारीच्या शेवटी सोळांतल्या आठ जणींना ठेवणार, त्यांना वर्षभर स्पर्धांना नेणार. बाकीच्यांनी घरी जायचं. सामने बघतील म्हणे, पण आधी सर्व्हिसचा वेग. ताशी दीडशे किलोमीटर हवा. माझा एकशे सेहेचाळीस आहे.

माझ्या खोलीत सहा फुटी मुलगी आहे. तिनं स्वतःच स्वतःचं नाव जिराफ ठेवलंय, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. तिचे पाय पलंगाबाहेर जातात, म्हणून ती पायथ्याशी स्टूल लावून झोपते. तिची सर्व्हिस एकशे चौऱ्याहत्तर आहे. झोपेतही ती मला लांबच लांब वाटते, एखाद्या रस्त्यासारखी.

सकाळी इथे इतकं धुकं असतं की चेंडू दिसण्याआधी ऐकू येतो. मला ते फार आवडतं. धुक्यात कोण किती उंच आहे ते कळत नाही.

तुझी
पिटुकली

१२ सप्टेंबर

पिटुकले,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. मला आधी भांडायचंय.

भिंतीवर खडूचे ठसे! गुरांच्या बाजारात तरी दात बघतात, चाल बघतात. तुझ्या त्या मास्तरांना विचार, चेंडू समोरच्या मुलीच्या रॅकेटवरून सुटायच्या आत तुझा उजवा पाय निघालेला असतो, तो कुठल्या भिंतीवर मोजणार? सात वर्षांची होतीस, दुकानासमोरच्या रस्त्यावर दादा तुला चेंडू टाकायचा आणि मी मशीनवरून मान वर करून बघायचे. तो हात मागे नेईपर्यंत तू जागेवर पोचलेली असायचीस. दादा म्हणायचा, ही पोरगी माझ्या मनातलं चोरते. ताकद, ताकद, ताकद! ताकदीची यांना एवढी भूल पडली आहे की खेळ समोर नाचला तरी दिसत नाही. उंच पोरीला माझा विरोध नाही. पण एकच साचा करायचा आणि त्यात जी मावत नाही ती खेळाडूच नाही असं ठरवायचं, हा आळस आहे, आणि तो शास्त्राचे कपडे घालून हिंडतो म्हणून जास्त संताप येतो.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना निवड समितीतल्या एका गृहस्थांनी माझ्यादेखत दुसऱ्याला सांगितलं, “मुलगी चांगली आहे, पण वरून कमी पडते.” कापड कमी पडतं तसं. मी घरी आले आणि दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागले. रोज सकाळी, पाच महिने. शेवटी दादानं, तुझ्या बापानं, मला कमरेला धरून खाली उतरवलं आणि तो माझ्यापेक्षा जास्त रडला. त्यानंतर मी रॅकेट धरली ती दुसऱ्यांच्या तारा ओढायला.

तू लोंबकळायचं नाहीस. त्यांना वेग हवा ना, मिळेल. रॅकेट तयार आहेत. तारांकडे तू बघू नकोस, ते माझं काम. तू नुसता हात सोड.

तुझी
आत्या

६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू चौकटीला लोंबकळत होतीस हे वाचल्यापासून कुठल्याही दारातून जाताना मी वर बघते.

काहीतरी होतंय. परवा बंदुकीवर माझी सर्व्हिस एकशे एकोणपन्नास आली. वेग मोजायच्या त्या यंत्राला सगळे बंदूकच म्हणतात. सरांनी ती हलवून पाहिली, बिघडली की काय म्हणून. मग मला विचारलं, रात्रीत काय खाल्लंस. मी धावत जाऊन भिंतीला टाचा लावल्या. जिराफनं पट्टी धरली. पाच दोनच. पण मला आतून वाढल्यासारखं वाटतंय. घर तेवढंच राहावं आणि आतल्या खोल्या मोठ्या व्हाव्यात, तसं.

मात्र चेंडू लांब जातात. थोडेसेच, वीतभर. जिथे मी डोळे मिटून मारायचे तिथे आता रेषेच्या पलीकडे पडतात. चेंडूला खाली यायचंच नाही असं वाटतं. मी तो खालून वर घासून, फिरकी देऊन उतरवायचा प्रयत्न करते. सर म्हणतात, बिचकतेस. असेन.

एक गंमत सांगते. काल सकाळी धुकं विरलं आणि कोर्टावर आम्ही दोघीच होतो. मी जिराफला विचारलं, तुला तिथून कसं दिसतं? ती म्हणाली, ये बघायला, आणि बेसलाइनमागच्या बाकावर चढून उभी राहिली. मी कशीबशी तिच्या खांद्यांवर बसले. आत्या, आपण बेसलाइनवर उभं राहून बघतो ना, तेव्हा पलीकडचं सगळं कोर्ट जाळीच्या भोकांतून दिसतं. नेटच्या पट्टीवरून थेट काहीच दिसत नाही. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. पण त्या उंचीवरून पट्टीच्या वर पलीकडच्या सर्व्हिसच्या चौकोनाची एक बारीक फट दिसली. बंद दाराखालून उजेड यावा तेवढीच. जिराफ उडी मारून, हात ताणून सर्व्हिस करते तेव्हा तिचा चेंडू साधारण त्या उंचीवरून निघतो. ती त्या फटीतून सरळ मारू शकते. मला ती फटच नाही. माझ्या चेंडूनं आधी वर चढायला हवं आणि मग वळायला हवं.

मी बराच वेळ तिथे बसले होते. मग जिराफ म्हणाली, “आता उतर बाई, माझे गुडघे गेले.” तिचे गुडघे खरंच सुजतात. दुपारी मीच बर्फ बांधते. सगळे तिला म्हणतात, तुझं काय, तुला आयतं मिळालंय.

रॅकेट पाठवतेय. चोवीस.

तुझी पिटुकली

११ ऑक्टोबर

पिटुकले,

एकशे एकोणपन्नास! मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. समोरचा चष्मेवाला बघायला आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, माझी भाची वाढली.

चेंडू वीतभर लांब जातो तर जाऊ दे. वीतभर लांब जाणारा चेंडू निदान घाबरून मागे तरी राहिला नाही. मास्तर बिचकतेस म्हणतात म्हणून तू हात आखडता घेऊ नकोस. सवय होईल. आधी ती बंदूक जिंकू, रेषा नंतर बघून घेऊ. तारांची मला काळजी आहे, मी बघतेय त्यांचं.

चौकोनाची फट मी दोनदा वाचली. इतकी वर्षं या खेळात आहे, पण मला ते कुणी दाखवलं नव्हतं. कुणाच्या खांद्यावर बसायचं मला सुचलंच नाही.

तुझी आत्या

१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मधल्या पार्सलात पत्र घातलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं.

बंदुकीवर एकदा एकशे एक्कावन्न आली. सर हसले. त्याच आठवड्यात मी पाच सामने हरले, त्यातले तीन अशा मुलींशी ज्यांना मी उन्हाळ्यात सहज हरवलं होतं. ताकद आली आणि बाकी सगळं गेलं. कोपरा गेला. ड्रॉप शॉट गेला. बॅकहँड मारते तेव्हा मला आधी स्पष्ट दिसतं की तो कुठे पडणार, आणि तो तिथे पडत नाही. माझा हात माझ्याशी खोटं बोलायला लागलाय. चेंडू आवरता आवरता खांदा दुखतो. मी कोर्टावर असते तेव्हा पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. सगळं हळू, सगळं थोडं सरकलेलं. हात पुढे करावा आणि वस्तू तिथे नसावी.

पूर्वी मला वाटायचं की मी बुटकी आहे पण मला खेळता येतं. आता मी नुसतीच बुटकी आहे.

मी रॅकेट बदलली नाही, चेंडू तेच, कोर्ट तेच. तुझ्या तारा तर कधी बदलत नाहीत. म्हणजे बदलले ती मीच. बाबांना रविवारी सांगणार आहे की मला न्यायला या. जानेवारीपर्यंत थांबून काय करायचं? तुला आधी सांगावंसं वाटलं.

पि.

२४ नोव्हेंबर

पोरी,

पिटुकली म्हणायचा हक्क मी गमावला आहे, म्हणून पोरी.

दादाला काही सांगू नकोस. आधी हे वाच.

तारा बदलल्या. मी बदलल्या. सप्टेंबरात तेवीस किलो, ऑक्टोबरात बावीस, आणि त्यानंतर एकवीस. तार सैल असली की चेंडू जरा जास्त उसळून जातो, हे मला आणि मशीनला ठाऊक. एकदम केलं असतं तर तुझ्या हाताला कळलं असतं, म्हणून एकेक किलो उतरवत गेले. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला मी अर्धा किलो इकडेतिकडे दिलेला नाही. आणि तुझ्या रॅकेटला हात लावताना मला वाटलं, मला सगळं कळतं.

तुझ्या चार-पाच आकड्यांतले तारांचे किती आणि तू हात मोकळा सोडलास त्याचे किती, ते मला सांगता येणार नाही. तारांचे दोन असतील. दोनसाठी मी तुझा कोपरा घालवला.

मी मास्तरांना आळशी म्हटलं, समितीवर आग पाखडली. पण तुला बुटकी ठरवलं ते मीच, आणि सगळ्यांत आधी. त्यांनी निदान पट्टी लावून मोजलं. मी पहिलंच पत्र वाचून ठरवून टाकलं की ही आहे तेवढी पुरणार नाही, हिला चोरून वाढवायला हवं. त्या गृहस्थांचं वाक्य मी तीस वर्षं शिव्या देत जपून ठेवलं आणि पहिली संधी मिळताच तुझ्या अंगावर टाकलं. मला चौकटीवरून उतरवलं होतं असं मी तुला लिहिलं. मी उतरलेच नव्हते गं.

तुझा हात खोटं बोललेला नाही. तो तीन महिने खरंच सांगत होता, की काहीतरी चुकतंय.

दोन रॅकेट पाठवतेय, दोन्ही चोवीस. दांड्याला पट्टी लावून त्यावर आकडा लिहिलाय, पण माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. तिथल्या काकांकडून मोजून घे. तिसरी मी सोडवून नव्यानं करायला घेणार होते, पण ती तशीच पाठवते. एकवीसची. पुरावा नाहीसा करणं बरोबर नाही.

राग येऊ दे. भरपूर येऊ दे. पण माझ्यामुळे खेळ सोडू नकोस.

आत्या

२६ डिसेंबर

पोरी,

महिना झाला. पार्सल आलं नाही. दादा म्हणतो, तू बरी आहेस आणि परत यायचं काही बोलली नाहीस. तेवढंच मला पुष्कळ झालं, असं मी लिहिते आहे. ते खरं नाही.

मी रोज दुकान उघडते. काल एका मुलीनं रॅकेट दिली आणि विचारलं, माझ्यासाठी किती ताण बरा? मी म्हटलं, तुला किती हवा? ती गोंधळली. मी तिला सकाळभर तीन वेगवेगळ्या रॅकेटनं समोरच्या भिंतीवर खेळायला लावलं. तिनं स्वतःचा ताण सांगितल्यावरच मशीन चालू केलं. तिची आई माझ्यावर फार चिडली.

उत्तर लिहायची घाई करू नकोस.

आत्या

४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं नोव्हेंबरातलं ते पत्र मी कोर्टामागच्या नळापाशी वाचलं. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं. माझा हात खरा होता. मी तिथेच उभी राहून, हातात काही न धरता, बॅकहँड मारून पाहिला आणि तो कुठे पडला ते मला दिसलं.

राग नंतर आला, आणि आला तो राहायलाच आला. सरांनी मला आखूड ठरवलं ते समोर उभं करून. तू मला मागून म्हणालीस, आणि तेही माझ्याच बाजूनं उभी राहून. यावर काय करायचं ते मला कळेना. म्हणून मी तिन्ही रॅकेट उचलून गटिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी एकवीसची मोजली, मोजत राहिले, आणि विचारलं, “ही कुणी ओढली? एक तार इकडची तिकडे नाही. हात देवासारखा आहे.” मला हसू आलं आणि मग रडू. त्यांना वाटलं, मला रॅकेटचं कौतुक आवडलं.

मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. डिसेंबरभर दुपारी जेवणानंतर त्यांच्या खोलीत बसायचे. आधी उभ्या तारा, मग आडव्या, एक वरून, एक खालून. बोटं कापली. पहिल्या रॅकेटला तीन तास लागले आणि काका म्हणाले, हिच्यानं भात गाळता येईल. पण तुला माहीत आहे, त्या खोलीत फार शांत असतं. तार ताणली जाते तेव्हा एक बारीक आवाज येतो, कुणीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखा, आणि मग मशीन थांबतं. माझ्या लहानपणीच्या सगळ्या दुपारी त्या आवाजात होत्या. मी तुझ्यावर चिडलेली असायचे आणि तुझ्याच दुकानात बसलेली असायचे. आता मी माझ्या रॅकेट स्वतः करते. आणि चोवीस नाही. सगळे ताण करून पाहिले. मला साडेतेवीस बरं वाटतं. चोवीस तुझा आकडा होता.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी बंदुकीची परीक्षा झाली. प्रत्येकीला दहा सर्व्हिस. तुझी एकवीसची मी सोडवली नव्हती. जिराफला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, ती घे, दहाच तर मारायच्यात, कुणाला कळणार आहे? मी दोन्ही हातांत दोन रॅकेट धरून उभी राहिले. खरं सांगते, मी एकवीसची घेऊन चार पावलं गेलेही होते. मग वाटलं, हिनं दीडशे आले तर ते दीडशे कुणाचे? वर्षभर दर गावात मला ती दीडशेवाली दुसरी मुलगी शोधत हिंडावं लागलं असतं. मी परत फिरले आणि माझी घेतली.

सगळ्यांत चांगली एकशे एकोणपन्नास. तीही शेवटची, दहावी सर्व्हिस. सर पेन्सिल धरून जरा थांबले, जणू मी काही बोलेन. मी चेंडू वेचायला लागले. त्यांनी एकशे एकोणपन्नास लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सामना होता, आणि चिठ्ठीत समोर नेमकी जिराफ निघाली. सैल तारांवर चेंडू आवरताना मला जी फिरकी द्यायची सवय लागली होती, ती गेली नव्हती. नीट ताणाच्या तारांवर तिचं काही वेगळंच झालं. माझी सर्व्हिस वर चढायची, नेटच्या खूप वरून जायची, आणि मग आठवण झाल्यासारखी खाली वळून तिच्या खांद्यापर्यंत उसळायची. यासाठी मी तुझे आभार मानणार नाही. पण लपवणारही नाही. बाकी मी तेच केलं जे मला येतं. तिचा हात मागे गेला की निघाले. चेंडू जमिनीलगत ठेवला, घसरता, तिला वाकावं लागेल असा. तिचे गुडघे मला माहीत होते आणि मी त्यांच्यावरच खेळले. ते मला सोपं गेलं नाही. सहा-चार, सात-पाच. नेटपाशी हात मिळवताना ती एवढंच म्हणाली, “आज बर्फ तूच बांधायचास.” मी बांधला.

आणि आत्या, ठेवलं तिला. मला नाही.

सरांनी खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले, मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, तेही बसले. म्हणाले, “आज तू तिच्यापेक्षा सरस आहेस. पण मी आजसाठी निवडत नाही. मी चार वर्षांनंतरसाठी निवडतो.”

मी म्हटलं, “चार वर्षांनंतर नेटच्या पलीकडे मी उभी असेन. तेव्हा तुम्ही तिला काय सांगाल?”

ते म्हणाले, “वाकायला सांगेन.” वाईट माणूस नाही तो. त्यांना भिंत दिसते, त्याला ते काय करणार.

तू हे वाचून पेटशील आणि त्यांना आठ पानं लिहायला घेशील. घेऊ नकोस. मला खूप वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या संध्याकाळी मी रिकाम्या कोर्टावर बेसलाइनवर उभी राहिले. मला नेहमीसारखं सगळं जाळीतूनच दिसत होतं, बारीक बारीक तुकड्यांत. आणि वाटलं, मी हे लहानपणापासून असंच बघत आलेय. मला त्यातला एकेक तुकडा पाठ आहे.

इथून दोन तासांवरच्या गावात पुढच्या आठवड्यात छोटी स्पर्धा आहे. मुख्य फेरीत नाही, आधीच्या पात्रता फेरीत माझं नाव घेतलंय. तीन सामने जिंकले तर आत. सर्व्हिस किती जोरात करता असं अर्जात विचारलं नव्हतं. बाबा येणार आहेत, आई रजा मागतेय.

तूही ये. पण नीट ऐक. रॅकेट मी तुझ्याकडे अजून देणार नाही. काही दिवस, काही महिने, किती ते ठाऊक नाही. शिक्षा म्हणून नव्हे. माझ्या हाताशी माझी नुकतीच पुन्हा ओळख झालीय, मधे कुणी नको. तेव्हा मशीन आणू नकोस. तारांचं भेंडोळं आणू नकोस. पिशवीत पकड आणि कात्री लपवून आणू नकोस, मी तुला ओळखते. समोरची मुलगी केवढी आहे ते आधी चौकशी करून मला सांगू नकोस.

मंगळवारी सकाळी दहा, कोर्ट क्रमांक सहा. अगदी टोकाला आहे, तिथे कुणी बघायला येत नाही. कुंपणाशी एक बाक आहे, त्यावर त्या वेळी ऊन असतं. मी काल जाऊन बसून आलेय, तिथून सगळं दिसतं.

रिकाम्या हातांनी ये, आणि बस.

तुझी
पिटुकली